माझी साक्ष, जाऊबाईंच्या तोंडी

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. आधी लांब उभं राहून ती ताणायची, झटकायची, मध्ये दुमडायची. मग चालत एकमेकींच्या जवळ यायचं, एकीने आपली टोकं दुसरीच्या बोटांत द्यायची, खाली लोंबणारी कड उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. जवळ, लांब, जवळ, लांब. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत मी अर्धं आयुष्य असं काढलं, आणि त्यातली बहुतेक वर्षं चादरीच्या दुसऱ्या टोकाला माझी मोठी जाऊ होती.

जाऊबाईंनीच मला त्या कामाला लावलं. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा मला ना मागचं कुणी, ना पुढचं. मी अनाथाश्रमात वाढलेली. जाऊबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माहेर नाही ना तुला? मग मलाच माहेर समज. फक्त माहेरपणाला आल्यासारखी लोळू नकोस, भांडी पडलीत." अशा त्या. तोंडाने फटकळ, हाताने उदार. मला अक्षरओळख नव्हती, तीही त्यांनीच करून दिली, माझी चाळिशी उलटून गेल्यावर. चादरींच्या कोपऱ्यात वॉर्डाची खूण म्हणून अक्षर शिवलेलं असायचं. "हा ब. बाळंतिणींचा ब. हा श. शस्त्रक्रियेचा श, याच्यावरचे डाग निघत नाहीत." अशी एकेक अक्षरं मी हातात धरून शिकले. पुढे जेवणाच्या सुट्टीत त्या शुभवर्तमानाचं पुस्तक काढायच्या आणि माझं बोट धरून ओळीवरून फिरवायच्या. हरवलेलं मेंढरू, आंधळ्याला आलेली दृष्टी, वादळात होडीत झोपलेला येशू. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मला त्यांनीच नेलं. प्रभूची ओळख मला त्यांच्या बोटाने झाली.

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट बाई समजेल. त्या वाईट नव्हत्या. वाईट माणसाने केलेला घात निदान समजून तरी येतो.

लॉन्ड्रीत मला सगळे खांब म्हणत. कारण मी कधी बसत नसे. जेवण उभ्याने, चहा उभ्याने. सुट्टीत बाकीच्या बायका गाठोड्यांवर अंग टाकायच्या तेव्हा मी दाराकडे तोंड करून भिंतीला टेकलेली. "खांबा, टेक गं जरा, छप्पर पडणार नाही," असं म्हणून त्या हसायच्या, मीही हसायची. उपासनेलाही मी सगळ्यात मागे, दाराजवळ उभी असायची. घरी यांना वाटायचं माझ्या कंबरेत काहीतरी दोष आहे. हे नळदुरुस्तीचं काम करायचे. अधूनमधून नवं मलम घेऊन यायचे आणि म्हणायचे, "गळक्या सांध्यांवर हमखास उपाय. दुकानदाराने शपथ घेतली." मी मलम लावून घ्यायची. खरं सांगण्यापेक्षा मलम सोपं होतं.

मग एकदा बालविभागाच्या गाठोड्यातून चुकून एक फ्रॉक आला. गळ्याला झालर असलेला, लहान मुलीचा. माझ्या हातातून चादरीची टोकं सुटली.

"काय गं, भूत बघितलंस?" जाऊबाई म्हणाल्या.

मी टोकं उचलली आणि का कोण जाणे, सांगायला लागले. यंत्रांचा आवाज इतका असायचा की लांबून बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून जवळ आलं की एक वाक्य, मग लांब जायचं, परत जवळ आलं की पुढचं.

"मी लहान असताना आईने मला बसस्थानकाच्या बाकावर बसवलं. असाच फ्रॉक होता."

लांब. जवळ.

"माझे केस विंचरले. म्हणाली, उठू नकोस हं, मी आलेच."

लांब. जवळ.

"मी बसून राहिले. बसल्या जागी कपडे ओले झाले, तरी उठले नाही. संध्याकाळी झाडूवाली बाई आली. चल म्हणाली. मी नाही म्हणत होते. तिने हात धरून उठवलं."

जाऊबाई आता मागे सरत नव्हत्या. चादर आमच्या दोघींमध्ये चुरगळली होती.

"मी उठले, जाऊबाई. उठू नकोस म्हणाली होती आणि मी उठले. ती परत आली असेल आणि तिला बाक रिकामा दिसला असेल."

त्यांनी मला मिठी मारली. आयुष्यात मला मिठी मारणारी माणसं मी बोटांवर मोजली असती तर बोटं उरली असती. कानाशी तोंड आणून त्यांनी प्रार्थना केली, मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे माझ्या पोटात राहील. तू, मी आणि प्रभू. चौथं कुणी नाही."

नंतरचे काही दिवस मला वाटलं, बरं होणं म्हणतात ते हेच. एकदा तर मी गाठोड्याच्या कडेला टेकले. बसले नाही, नुसती टेकले. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

आमच्या मंडळीत रविवारी प्रवचनाच्या आधी कुणीतरी पुढे जाऊन साक्ष देतं. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं. प्रवचनात डुलक्या घेणारे लोकही साक्षीला जागे असतात. जाऊबाईंची साक्ष ठरलेली होती, पित्ताशयातला खडा शस्त्रक्रियेशिवाय कसा विरघळला त्याची. ती इतक्यांदा झाली होती की तो खडा आम्हाला घरच्यासारखा वाटायचा. त्या पुढे गेल्या की मागच्या बाकांवरची पोरं कुजबुजायची, "आला खडा."

त्या रविवारी खडा आला नाही.

"आज मी माझी नाही, एका बहिणीची साक्ष देणार आहे," जाऊबाई म्हणाल्या. "नाव घेणार नाही. पण ती आपल्यातलीच आहे."

माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही. मी इतरांसारखीच कान देऊन ऐकत होते. मग बसस्थानक आलं. बाक आला. केस विंचरलेले आले. जाऊबाई चांगलं बोलायच्या, देवाने त्यांना तो गुण दिला होता. माझ्या आईचा आवाज त्यांनी काढला, जो त्यांनी कधी ऐकला नव्हता. ओले झालेले कपडेसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. बायकांनी पदर, रुमाल डोळ्यांना लावले. आणि मग त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून ही बहीण कधी म्हणजे कधी बसलेली नाही."

सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

मागे मी एकटीच उभी होते. पुढच्या रांगेत बसलेले हे, त्यांचीही मान वळली. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं.

"पण हल्लेलूया," जाऊबाईंचा आवाज चढला, "प्रभूने आज तिला पूर्ण बरं केलं आहे!"

"आमेन," सगळे म्हणाले, एका उभ्या बाईकडे बघत.

एक भले गृहस्थ उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, दोन्ही हातांनी सांभाळत मधल्या वाटेने माझ्यापर्यंत आणली, माझ्या मागे ठेवली आणि हळूच म्हणाले, "बसा ना, ताई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या प्रेमाने मला कुणी कधी मारलं नव्हतं.

मी दारातून बाहेर पडले आणि चालत सुटले.

रस्त्यात एक गोष्ट ध्यानात आली. जाऊबाईंनी सगळं सांगितलं होतं, फक्त शेवटचं वाक्य सोडलं होतं. मी उठले, ते. लपवलं म्हणावं तर तसंही नसावं. ते त्यांच्या ध्यानातच राहिलं नसणार. माझा सगळा जन्म ज्या वाक्यात अडकला होता ते त्यांना सांगण्याजोगं वाटलं नव्हतं.

घरी हे माझ्या नंतर आले. बूट काढले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "मलम." थोड्या वेळाने पुन्हा, "इतकी वर्षं मी मलम आणतोय."

"अहो..."

"तिला सांगितलंस. मला नाही. आणि मला कळलं कधी, तर सगळ्या मंडळीबरोबर. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने मला कोपराने ढोसून विचारलं, तुमची बायको का हो?"

माझा घात झाला होता आणि यांच्या लेखी घात मीच केला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी थट्टा करणं तेवढं बंद केलं. आमच्या घरात थट्टा बंद झाली की नळ बंद झाल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत जाऊबाई चादरीचं टोक धरून हसतमुखाने उभ्या होत्या.

"पळून का गेलीस गं? सगळे तुला भेटायला थांबले होते."

"तुम्ही पोटात ठेवणार होतात."

"मी नाव घेतलं का? सांग, घेतलं?"

"उपासनेला कायम उभी कोण असते, ते तिथे कुणाला माहीत नाही?"

"बरं, ते सोड. परिणाम बघ ना! दोघीजणी रडत पुढे आल्या, प्रभूला आपलं आयुष्य दिलं. तुझ्या दुःखाने त्यांचं तारण झालं. तुला आनंद नाही होत?"

"मला न विचारता वाटून टाकलंत ते."

"आपल्यात तुझं-माझं कधीपासून आलं?"

"आणि बरी झाले म्हणालात. बघा माझ्याकडे. मी बरी आहे?"

जाऊबाईंनी चादर ताणली. त्यांना आता थोडा राग आला होता. "मी विश्वासाने म्हणाले. आधी तोंडाने कबूल करायचं असतं, मग ते होतं. तूच आतून अडवून धरलं असशील तर प्रभू तरी काय करणार?"

बाकी सगळं मी गिळलं असतं. हे गिळता आलं नाही. लहानपणी उठले, म्हणून आई गेली. आता बसत नाही, म्हणून देव हात टेकतो. दोन्हीकडून दोष माझाच. मी टोकं सोडून दिली. चादर जमिनीवर पडली. जाऊबाई "अगं, धुतलेली आहे!" म्हणून ओरडल्या, पण मी वळून बघितलं नाही.

मी भिंतीत दोन खिळे ठोकून घेतले. चादरीची दोन टोकं खिळ्यांना, दोन माझ्या हातात. काम दुप्पट वेळाने व्हायचं, घडी तिरकी यायची, पण व्हायचं. सुपरवायझर म्हणाला, "खांबा, भिंतीशी संसार मांडलास की काय?" बायका खिदळल्या. मी म्हटलं, "भिंत बरी. तिला कान असतात म्हणतात, पण तोंड नसतं." त्यावर कुणी हसलं नाही, कारण पलीकडे जाऊबाई उभ्या होत्या.

उपासनेला जाणं मी बंद केलं. मग मंडळीतल्या बायका घरी यायला लागल्या. येणारी प्रत्येक जण आधी मला बसायला सांगायची, माझ्याच घरात. एकीने पाठीला उशी आणली. मी त्यांना चहा द्यायची आणि त्या कपावरून माझ्या पायांकडे बघायच्या. देवाचंही मी तोंड बघत नव्हते. जाऊबाईंच्या बोटाने ज्याची ओळख झाली, तो त्यांच्याच बाजूचा असणार, असं मी धरून चालले होते.

मंडळीचे पाळकही आले. चांगला माणूस, जरा घाईचा. म्हणाले, "ताई, प्रभूने आपल्याला क्षमा करायला सांगितलं आहे."

"पाळकसाहेब, जे होतं ते तर मला न विचारता नेलंच. आता क्षमापण आजच घेऊन जाता का?"

चहावर साय धरली. मग म्हणाले, "मी त्यांना मध्येच थांबवायला हवं होतं. मला कळत होतं. पण सगळे रडत होते, मीही रडत होतो. उपासना रंगली होती."

हे बोलल्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. 'पण परिणाम बघा' असं न म्हणणारा तो पहिला माणूस. दारात त्यांनी विचारलं, "प्रार्थना करू, की नको?"

"नको."

"बरं," म्हणाले आणि गेले. पाळक प्रार्थना न करता कुणाच्या घरातून गेल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शुभवर्तमान मात्र घरात होतं. एक दिवस ओट्याशी उभी राहून मी ते उघडलं. चांगल्या हेतूने नव्हे. मला बघायचं होतं की प्रभूने दगा देणाऱ्याचं काय केलं. त्या भागाकडे जाऊबाई मला कधी फारसं नेत नसत. "ते फार दुःखाचं आहे," म्हणायच्या आणि शेवटल्या भोजनावरून माझं बोट उचलून थेट रिकाम्या कबरेवर ठेवायच्या.

आता बोट माझं एकटीचं होतं. अक्षर अक्षर जुळवत गेले. त्याने दगा देणाऱ्याचे पाय इतरांसारखेच धुतले होते. त्याला आपल्या ताटातला घास दिला होता. धरायला आला तेव्हासुद्धा त्याला मित्र म्हटलं होतं. मला संताप आला. पुस्तक मिटलं. पण शिक्षा पुढे असेल या आशेने परत उघडलं.

सापडलं दुसरंच. धरला जाण्याआधी बागेत तो जवळच्या शिष्यांना म्हणाला की जरा माझ्याबरोबर जागे राहा, आणि ते झोपले. ज्या शिष्याने जीव देईन म्हणून सांगितलं होतं त्याने ओळख नाकारली. बाकीचे पळाले. आणि मग क्रुसावर टांगलेला असताना तो मोठ्याने ओरडला. देवाला विचारलं की मला का सोडलंस. मी ती ओळ पुन्हा जुळवली, मला वाटलं वाचण्यात चूक झाली. चूक नव्हती. मी उत्तर शोधायला खालच्या ओळीवर गेले. उत्तर नव्हतं. बाप काहीच बोलला नव्हता.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. साक्षीत सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं यायची, खडे विरघळायचे. इथे खुद्द त्यालाच उत्तर आलं नव्हतं, आणि ते कुणी खोडलं नव्हतं, झाकलं नव्हतं.

ते शब्द घेऊन मी कामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत कपडे वाळवायच्या यंत्रांच्या खोलीत शिरले. तिथे इतका आवाज असतो की स्वतःचं खोकणं ऐकू येत नाही. मी गरम पत्र्याला हात लावून उभी होते आणि माझे गुडघे टेकले. ते बसणं नव्हतं, उभं राहणंही नव्हतं. माझ्या अंगाला ते चाललं. मी ओरडले. देवाला अहो-जाहो केलं नाही. "तुझा लेक टांगलेला होता आणि तू आला नाहीस! माझी आई आली नाही! तुम्हाला असं सोडून जाववतं तरी कसं?" मग आईवर ओरडले. मग जाऊबाईंवर. घसा बसेपर्यंत ओरडले. आणि सगळ्यात शेवटी, जे कुणालाच महत्त्वाचं वाटलं नव्हतं ते विचारलं. "मी उठले म्हणून का?"

आवाज आला नाही, उजेड पडला नाही. यंत्रं घरघरत होती. पण विचारता विचारता मला दिसलं की येशू तर उठला नव्हता. त्याला ठेवलं तिथे तो शेवटच्या श्वासापर्यंत राहिला. उतरून ये म्हणून लोक चिडवत होते, तरी उतरला नाही. आणि तरीही त्याला सोडून गेले. म्हणजे सोडून जाणारा आपल्या उठण्याबसण्यावर जात नाही. माझी आई मी उठल्यामुळे गेली नव्हती. मी उठले तेव्हा ती कधीचीच गेली होती.

मी खूप वेळ तिथे होते. एकटी होते असं मात्र वाटलं नाही. जो असा टाकला गेला होता, त्याला माझी गोष्ट सांगावी लागत नव्हती. ती त्याला आतून ठाऊक होती, आणि तो ती कुणाला सांगत फिरणार नव्हता. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मी मान वळवली आणि चकित झाले. एवढा वेळ माझी पाठ दाराकडे होती.

त्या दिवशी मी बरी झाले असं नाही. आवाज चढवून सांगण्यासारखं काही झालं नाही. पण त्यानंतर सुट्टीत मी रोज त्या खोलीत जाऊ लागले. कधी ओरडायची, कधी नुसतीच असायची. जाऊबाईंना क्षमा करते असं एकदा तिथे म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं हसणं कानावर पडलं आणि सगळा राग जागचा उठला. परत म्हणावं लागलं.

शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या जाड चादरी खिळ्यांवर तोलत नसत. एकदा एक चादर भिंतीवरून निसटली आणि पलीकडून दुसरं टोक जाऊबाईंनी धरलं. मी सोडलं नाही. आम्ही ताणली, दुमडली, जवळ आलो.

"राग गेला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"क्षमा केली आहे."

"राग आहे आणि क्षमापण केली? असं कुठे असतं का?"

"माझ्यात आहे."

लांब गेलो. जवळ आलो.

"मग आता पूर्वीसारखं?" त्यांच्या आवाजात आशा होती.

"नाही, जाऊबाई. तुम्हाला ताप आला तर उशाशी मीच येईन. पण आतलं काही मी आता तुम्हाला सांगणार नाही."

"ही तर शिक्षा झाली."

"शिक्षा नाही. कडी आहे. दार आहे तिथेच आहे."

त्यांनी बराच वेळ चादरीची कड बोटांनी दाबली. मग खाली बघत, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला दुसरी साक्षच नव्हती गं. त्या खड्याला पोरं हसायला लागली होती. माझ्या आयुष्यात देवाने काही केलं असं सांगण्यासारखं घडलंच नाही कधी."

मला हसू आणि रडू एकदम आलं. देवाने त्यांच्या हातून मला अक्षर दिलं, घर दिलं, आणि बाई म्हणत होती की सांगण्यासारखं काही घडलं नाही. मी तसं त्यांना बोलून दाखवलं. त्या रडल्या. मग मी म्हटलं, "एक करा. मी बरी झाले असं खोटं बोललात ना, तेवढं मागे घ्या."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच बोलला होतात."

त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. आणि त्यांनी ते कधीच मागे घेतलं नाही. आज त्या प्रभूपाशी आहेत. शेवटच्या आजारात उशाशी मीच होते. तेव्हाही मला वाटत होतं की आता म्हणतील. नाही म्हणाल्या. ते शल्य मी अजून बाळगून आहे, आणि अजून काही सकाळी क्षमा नव्याने करावी लागते.

उपासनेला मात्र मी परत गेले. त्यांच्यासाठी नाही, आणि त्यांच्यामुळे थांबायचंही नाही असं ठरवून गेले. माना वळल्या. ते भले गृहस्थ खुर्ची घ्यायला उठले. मी म्हटलं, "राहू द्या, दादा. लागली तर मी मागेन." ते खाली बसले. इतकं सोपं होतं ते, आणि मला ते म्हणता यायला इतके दिवस लागले.

राहता राहिले हे. एक सुट्टीचा दिवस होता. आमच्याच ओट्याचा नळ गळत होता आणि हे ओट्याखाली अर्धे शिरून पाना फिरवत होते. लोकांचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ गळका असतोच. मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. ते बरंच झालं.

"अहो, मला तुम्हाला सांगायचंय. बाकाचं."

पाना थांबला. "ते कळलंय मला. सगळ्यांबरोबर."

"तुम्हाला कळलं ते जाऊबाईंचं. माझं सांगायचं राहिलंय."

मी ओट्याची कड धरली. हे पोटात ठेवतील का? यांनी उद्या मित्राला सांगितलं तर? मी सांगायचं थांबवू शकत होते. अजून काही बोलले नव्हते. पण कडी एका दारासाठी घातली होती, ती सगळ्या घराला घालून बसले असते तर आत मी एकटीच कोंडली गेले असते.

मी सुरुवात केली. हे ओट्याखालून बाहेर आले, फरशीवर बसले, हात पुसले. मी सांगत सांगत बाकापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी सवयीने हात जोडले. "प्रार्थना करू या का?"

"थांबा ना हो. आधी ऐका."

त्यांनी जोडलेले हात सोडले आणि मांडीवर ठेवले. मी झाडूवालीचं सांगितलं. मग ते वाक्य सांगितलं, की मी उठले, आणि जन्मभर मला वाटत आलं की म्हणूनच आई सापडली नाही. हे मला वेडी म्हणाले नाहीत. हातातल्या फडक्याची गाठ मारत बसले, ती सोडली, परत मारली.

"उठलीस ते बरं केलंस," शेवटी म्हणाले. "नाहीतर मला कुठे भेटली असतीस? मी काय बसस्थानकात नळ लावायला आलो होतो?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी थट्टा केली होती. मी हसले, आणि हसता हसता जे रडू आलं ते थांबेना. ते जवळ आले नाहीत, पाठीवर हात फिरवला नाही. तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने विचारलं, "कुणाला सांगायचं नाही ना हे?"

"नाही."

"बरं. आणि मला मलमाचे पैसे..."

"अहो!"

"नाही, नाही. गप्प बसतो."

मग मीच म्हटलं की आता करू या. त्यांनी डोळे मिटले आणि मला खूण केली, तूच कर. मी माझ्यासाठी दोन शब्द बोलले, यांच्यासाठी बोलले, जाऊबाईंसाठी दात आवळून बोलले. मग आईचं नाव घेतलं. तिचं नाव मला ठाऊक होतं, तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं, आणि प्रार्थनेत ते मी कधी उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं आणि पुढचं काही येईना. तिला क्षमा कर म्हणवेना, तिला शिक्षा कर म्हणवेना. नुसतं नावच पुन्हा घेतलं.

हे मधेच आमेन म्हणाले नाहीत. डोळे मिटून, मान खाली घालून थांबले, मला शब्द सापडेपर्यंत.